न लागलेल्या माशाचं शास्त्र

ऑगस्ट महिन्यात मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लडिंग्टन, मॅनिस्टी, फ्रँकफर्ट अशा गावांत पहाटे चारच्या सुमाराला बरीच मंडळी गुपचूप घराबाहेर पडतात. हातात विजेरी, काखेत थर्मास आणि चेहऱ्यावर राष्ट्रीय कर्तव्य बजावायला निघाल्याचा भाव. घरी ऊबदार गादी आहे, पेन्शन सुरू आहे, दुकानात बर्फावर मांडलेला सॅल्मन वजनावर विकत मिळतो आहे. तरीही ही माणसं बंदरात जाऊन बोटी सोडतात आणि उजाडायच्या आत सरोवरात शिरतात. तिथे ती जे करतात त्याला ट्रोलिंग म्हणतात. गळ टाकून काठावर डुलक्या काढायच्या, ही आपली मासेमारीची कल्पना तिथे चालत नाही. ट्रोलिंगमध्ये बोट थांबवायचीच नसते. ताशी तीन ते पाच किलोमीटर, म्हणजे रक्तात नुकतीच साखर निघालेला गृहस्थ ज्या वेगाने बागेला फेऱ्या मारतो त्या वेगाने, ती हाकत राहायची आणि मागे पत्र्याचे, प्लॅस्टिकचे, झिरमिळ्यांचे खोटे मासे ओढत न्यायचे. मिशिगन राज्याचा कायदा माणशी तीन काठ्या लावू देतो, त्यामुळे चार मित्र जमले की बारा काठ्या आणि बारा दोऱ्या. हे सगळं ज्या पाण्यात चालतं त्याचं क्षेत्रफळ सुमारे 58 हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याच्या जवळपास, आणि सर्वांत खोल जागी ते 281 मीटर खोल आहे. एवढ्या पाण्यात बारा खोट्या माशांची एका खऱ्या माशाशी गाठ पडेल, या भरवशावर ही माणसं दुपारपर्यंत फिरतात.

प्रस्तुत लेखाचं म्हणणं असं, की ट्रोलिंगचं प्रचंड तंत्र मासा पकडण्यासाठी घडलेलंच नाही. मासा का लागला नाही याची चारचौघांत सांगता येतील अशी कारणं पुरवणं, हे त्याचं खरं काम आहे. अधूनमधून मासा लागतो, नाही असं नाही, तो जोडधंदा. साध्या गळाने मासा धरणाऱ्यापाशी अपयशाचं एकच कारण असतं, ते म्हणजे तो स्वतः. ट्रोलिंग करणाऱ्यापाशी निदान चाळीस असतात, आणि त्यांतल्या एकातही त्याचं नाव नसतं. लेखकाची या क्षेत्रातली पात्रता ताटातला काटा बाजूला काढण्यापलीकडे गेलेली नाही, हे खरं आहे. पण पुरावा तपासायला हात ओले करावे लागत नाहीत, आणि पुरावा भरपूर आहे.

पहिला पुरावा इतिहासाचा. मिशिगन सरोवरात मुळात सॅल्मन नव्हताच. तिथला मूळचा राजा लेक ट्राउट. समुद्रातला लँप्रे नावाचा रक्तपिपासू प्राणी वेलंड कालव्याच्या वाटेने वरच्या सरोवरांत आला, आणि 1950 च्या दशकापर्यंत त्याने आणि बेसुमार मासेमारीने मिळून मिशिगन सरोवरातला ट्राउट जवळजवळ संपवला. राजा गेला आणि प्रजा माजली. एलवाइफ नावाचा वीतभर समुद्री मासाही त्याच वाटेने आला होता. त्याला खाणारं आता कोणी उरलं नाही. तो इतका वाढला की 1967 च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफांचे ढीग किनाऱ्यांवर साचले आणि शिकागोच्या चौपाट्यांवरून ते यंत्रांनी उपसावे लागले. मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी त्याआधीच उपाय योजला होता. पॅसिफिक महासागराकडचा कोहो सॅल्मन आणायचा, सरोवरात सोडायचा. तो एलवाइफ खाईल आणि लोक त्याला पकडतील. ओरेगॉनहून अंडी आणली, पिल्लं वाढवली आणि 1966 च्या वसंतात साडेसहा लाखांहून अधिक कोहो ओढ्यांत सोडले. पाठोपाठ 1967 साली चिनूक सॅल्मनही सोडला. सरकारी खात्याने योजना आखली, ती वेळेत पार पाडली आणि ती सफलही झाली, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला पचायला जड जाईल, पण इलाज नाही.

मुद्दा पुढेच आहे. 1967 च्या शरदात सोडलेले कोहो मोठे होऊन परत आले आणि त्या किनाऱ्यावर माणसांना वेड लागलं. ज्याला जे तरंगणारं मिळालं ते घेऊन तो पाण्यात उतरला. वल्ह्यांच्या होड्या काय, कनू काय. खोलीचं यंत्र नाही, तापमानाचं यंत्र नाही, आमिषाच्या रंगावर प्रबंध नाहीत. जे हाताला लागलं ते पाण्यात टाकलं आणि मासे लागले. यावर जाणकार लगेच म्हणेल, ‘अहो, तेव्हा मासेच मुबलक होते!’ हेच तर आमचं म्हणणं आहे. मासे असले की लागतात. ही गोष्ट एका ओळीत संपते, तिला पुस्तकं, चर्चासत्रं आणि कपाटभर सामान लागत नाही. म्हणूनच कोणी ती बोलत नाही.

आता खोलीचं प्रकरण पाहू. त्याचा पाया शास्त्रीय आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे नंतर वाद नको. उन्हाळ्यात सरोवराचं वरचं पाणी तापतं, तळाचं थंडगारच राहतं, आणि दोहोंमध्ये एक थर असा असतो की थोडक्या अंतरात तापमान झपाट्याने उतरतं. चिनूकला साधारण 10 ते 13 अंश सेल्सियसचं पाणी मानवतं, म्हणून तो या थराच्या आसपास रेंगाळतो. थर कधी चाळीस फुटांवर, कधी शंभरावर. तेव्हा आमिष तिथवर पोचवलं पाहिजे, हे कोणालाही पटेल. त्यासाठी डाउनरिगर असतो. बोटीच्या कडेला बसवलेला छोटा रहाट, त्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला पाच-सहा किलोंचा शिशाचा गोळा. गळाची दोरी चिमट्याने त्या तारेला अडकवायची. मासा लागला की चिमटा सुटतो. रहाटावर आकडा येतो: 80 फूट. आकडा पाहून माणूस कॉफी ओततो. पण बोट चालत असते, पाणी तारेला मागे रेटतं, तार तिरपी होते आणि 80 फूट तार सोडूनही गोळा त्याहून वरच कुठेतरी लोंबत राहतो. झालं, ‘खोली चुकली’ हे पहिलं कारण जन्माला आलं. त्यावर उतारा म्हणून आणखी जड गोळा आला. त्यानेही भागेना, तेव्हा गोळ्यापाशी टांगायचं आणखी एक यंत्र आलं. ते खालचं तापमान आणि खालचा वेग वर कळवतं. त्यामुळे असं उघड झालं की सरोवराच्या पोटात प्रवाह असतात आणि ते वरच्या प्रवाहांना विचारून वाहत नाहीत. वर बोट अडीच मैलांच्या वेगाने चालली असली तरी खाली आमिष दीडच्या वेगाने रांगत असतं, आणि बोट उलटी वळवली की तेच साडेतीनच्या वेगाने पळत सुटतं. यंत्र घेण्यापूर्वी मासा न लागण्याचं एक कारण होतं, घेतल्यावर तीन झाली. विक्रेत्याने फसवलं असं म्हणायला जागा नाही. त्याने पैसे घेतले आणि कारणं रोख दिली.

एका डाउनरिगरवर कोणाचं भागत नाही. शिशाची तार पोटात घातलेली एक दोरी असते, तिचा रंग दर दहा यार्डांवर बदलतो आणि त्यामुळे खोली रंगांत मोजतात. ‘किती सोडलीस?’ ‘सात रंग.’ एक रंग साधारण पाच फूट बुडतो, असं धरून चालतात. बोट हळू झाली की जास्त बुडतो, वेगात आली की कमी, आणि वळणावर काय करतो ते त्यालाच ठाऊक. मग तांब्याची तार येते, ती आणखी खोल जाते आणि गुंता झाला की कापण्यावाचून गत्यंतर ठेवत नाही. डिप्सी डायव्हर नावाची बशी दोरीला खाली नेते आणि बाजूलाही. प्लेनर बोर्ड नावाची फळी दोरीला बोटीपासून दूर आडवी ओढून धरते, कारण मासा बोटीला बुजतो असं शास्त्र आहे. दुसरं शास्त्र असं की कोहोला बोटीचं वावडं नाही. पंख्याने घुसळलेल्या फेसातच, बोटीच्या अगदी शेपटीपाशी, तो येऊन आमिष घेतो. दोन्ही शास्त्रं एकाच बोटीवर, एकाच माणसाच्या तोंडून, एकाच सकाळी ऐकायला मिळतात. फळीवर मासा लागला नाही तर ‘आज ते बोटीजवळ आहेत’ आणि फेसात लागला नाही तर ‘आज बुजलेत’. विरोधी पक्षात बसलेल्याच्या युक्तिवादातही इतकी लवचिकता नसते.

वेगाच्या बाबतीत तर हे तंत्र तत्त्वज्ञानाच्या पातळीवर जातं. सरळ चालून काही लागेना की बोट नागमोडी न्यायची. वळताना बाहेरच्या बाजूची आमिषं वेगाने धावतात आणि आतल्या बाजूची मंदावून खाली बसतात. बाहेरच्या काठीवर मासा लागला तर ‘त्यांना वेग हवाय’, आतल्या काठीवर लागला तर ‘त्यांना संथ हवंय’. इथवर तर्कशुद्धच आहे. पण एकाच वळणावर दोन्हीकडे मासा लागला तर काय समजायचं? त्याचंही उत्तर तयार असतं: ‘त्यांना बदल हवाय.’ आणि कुठेच लागला नाही, बारा दोऱ्यांपैकी पाच एकमेकींत अडकल्या, तर? ‘वळण फार जोरात घेतलंस.’ लक्षात घ्या, इथे पहिल्यांदाच कारणात माणूस आला; पण तो सुकाणूवरचा माणूस आहे, बोलणारा नव्हे. जाळं धरणाऱ्याचंही तेच. मासा लागल्यावर त्याला बोटीशी आणून मोठ्या हातजाळ्यात घ्यावं लागतं. मासा आत आला तर तो काठीवाल्याचा. शेवटच्या क्षणी सुटला तर तो जाळंवाल्याने घालवलेला. ‘शेपटीकडून का घातलंस?’ ‘तूच वळवलास त्याला.’ ‘मी? मी तर आयता आणून दिला होता!’ सुटलेला मासा मात्र नेहमी दिवसातला सगळ्यात मोठा असतो. याला जगात कुठेच अपवाद नाही. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडेही नसावा.

आणि रंग. इथे थोडं रमायला हवं, कारण माणसाच्या स्वभावाचा इतका स्वच्छ नमुना अन्यत्र सापडत नाही. ट्रोलिंगचं मुख्य आमिष म्हणजे पत्र्याचा चमचा. वळसे घेत, चमकत, जखमी एलवाइफसारखा लडबडत जाणं हे त्याचं काम. एलवाइफ रुपेरी असतो, पाठीवर थोडी निळी-हिरवी झाक. तेव्हा रुपेरी, निळा-हिरवा चमचा पुरायला हवा. प्रत्यक्षात रंगसंगतींची गणती नाही आणि प्रत्येकीला नाव आहे. एकीचं नाव लेमन आइस, एकीचं वंडर ब्रेड, एकीचं कार्बन फोर्टीन. एका अतिशय लोकप्रिय रंगसंगतीचं नाव मंकी प्यूक आहे, म्हणजे माकडाची ओकारी. शहाणीसुरती, नातवंडं असलेली माणसं भर दुकानात ‘माकडाची ओकारी आहे का हो, मोठ्या मापात?’ असं विचारतात आणि दुकानदार विनाविस्मय विचारतो, ‘रात्रीची की दिवसाची?’ कारण अंधारात चमकणाऱ्या चमच्यांचं खातं वेगळं असतं. त्यांना आधी विजेरी दाखवून प्रकाश पाजावा लागतो. आता भौतिकशास्त्र काय सांगतं? पाण्यात शिरल्यावर सूर्यप्रकाशातला तांबडा रंग सगळ्यात आधी विरतो. शंभर फुटांवर लाल चमचा काळपट करडा दिसणार. हे प्रत्येक कप्तानाला माहीत असतं, तो ते पाहुण्यांना उत्साहाने समजावूनही सांगतो, आणि समजावता समजावता शंभर फुटांवर लाल ठिपक्यांचा चमचा सोडतो. कोणी शंका काढलीच तर तो म्हणतो, ‘काल यावरच चार लागले.’ काल त्या काठीवर फक्त तोच चमचा होता, मग दुसऱ्यावर कसे लागतील, हा प्रश्न बोटीवर विचारू नये. पोहत परत जायला किनारा लांब असतो.

चमचा नको असेल तर फ्लॅशर आणि फ्लाय. फ्लॅशर म्हणजे पुढे गरगरत चमकणारी पट्टी. तिच्यात गळ नसतो, ती फक्त माशाला बोलावते. तिच्यामागे हात-सव्वा हातावर झिरमिळ्यांची फ्लाय, तिच्यात गळ. दोहोंमधलं अंतर किती असावं यावर जाणकारांत जे मतभेद आहेत ते दोन-चार इंचांचे आहेत. शंभर फूट खोल काळोखात, तिरप्या तारेच्या टोकाला, अज्ञात प्रवाहात फिरणाऱ्या वस्तूंमधले दोन इंच. आमच्या सिद्धान्ताला याहून भक्कम आधार कुठला हवा? कारण जितकं बारीक, तितकं ते खोडून काढणं अवघड.

याउपर निसर्ग हात आखडता घेत नाही. काटेरी पाणपिसवा नावाचा परदेशी उपद्रवी जीव या सरोवरात आलेला आहे. तो दोरीला चिकटून तिच्यावर फेसकट लगद्याच्या गाठी चढवतो आणि दोरी काठीच्या कडीत अडकते. पाण्यात क्वागा शिंपल्यांची वस्ती झाली. ते पाणी गाळून गाळून इतकं नितळ करतात की मासा दोरी बघतो असं म्हणतात. जमिनीकडून वारा आला की चावऱ्या माश्या मैलच्या मैल उडत बोटीवर येतात आणि मोज्यांवरून घोटे फोडतात. ज्याचे दोन्ही हात काठीवर आहेत त्याची त्यांना अचूक पारख असते. वाऱ्याचं तर स्वतंत्र पुराण आहे. त्या मुलखातली जुनी समजूत अशी, की पश्चिमेचा वारा मासेमारीला चांगला आणि पूर्वेचा वाईट. पण पूर्व किनाऱ्यावर पूर्वेचा वारा सुटला की तो वरचं ऊन पाणी आत सरोवरात ढकलतो आणि तळाचं थंड पाणी काठाशी वर येतं, त्याबरोबर सॅल्मनही येतो. म्हणजे वाईट वाऱ्याने मासा दाराशी आणून ठेवला. ही घटना सगळे जाणतात आणि म्हणही सगळे म्हणतात. ज्या दिवशी जे सोयीचं असेल ते.

इथवर आपण शास्त्राच्या हद्दीत होतो असं समजू. काही बोटींवर ब्लॅक बॉक्स नावाची पेटी असते. धातूच्या बोटीभोवती पाण्यात सूक्ष्म विद्युतक्षेत्र तयार होतं आणि माशाला ते जाणवतं, या विचारावर पॅसिफिककडच्या धंदेवाईक मच्छीमारांकडून ही कल्पना आली. पेटी डाउनरिगरच्या तारेवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब ठेवते, म्हणजे मासा खूश. ज्याच्याकडे पेटी नाही त्याला ‘पेटी नाही’ हे कारण आहे, ज्याच्याकडे आहे त्याला ‘व्होल्टेज चुकलं’ हे. आणि या पेटीपासून दोन हातांवर, त्याच बोटीत, फलक असतो: केळी आणू नयेत. बोटीवर केळं आलं की मासा लागत नाही, ही श्रद्धा अमेरिकेच्या भाड्याच्या बोटींवर इतकी पक्की आहे की काही कप्तान पाहुण्यांचे डबे उघडून बघतात. खाली जीपीएस, सोनार, तापमानयंत्र, विद्युतपेटी, आणि वर ‘तुमच्या डब्यात केळ्याची ब्रेड तर नाही ना?’ ही चौकशी. हसण्याचं कारण नाही. यंत्राचं कारण फसलं तर मागे एखादं फळ राखीव असावं, हा शहाणपणाच आहे.

कारणांची देवाणघेवाण रेडिओवर होते. प्रत्येक बोटीला तो असतो आणि त्यावरचे संवाद असे:

‘कसं काय चाललंय?’

‘थंड आहे.’

‘लागले का काही?’

‘एखाददुसरा.’

‘कितीवर?’

‘पसरलेत रे, काही नेम नाही.’

‘एखाददुसरा’ याचा अर्थ शून्य किंवा अकरा. शून्य असेल तर लाज म्हणून, अकरा असतील तर शेजारी येऊ नये म्हणून. ‘पसरलेत’ म्हणजे नेमके कुठे आहेत ते सांगायचं नाही. मराठी माणसाला हे संवाद कळायला वेळ लागत नाही. मुलाला किती टक्के पडले हे विचारल्यावर आपणही हीच भाषा बोलतो.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की इतकी नावं ठेवता, पण मासे लागतात की! विक्रम झालेत! झालेत. मिशिगन राज्याचा चिनूकचा विक्रम 2021 च्या ऑगस्टमध्ये लडिंग्टनजवळ, भाड्याच्या बोटीवर गेलेल्या 19 वर्षांच्या मुलाने मोडला. मासा 47.86 पौंडांचा, म्हणजे पावणेबावीस किलोंच्या आसपास. वाहवा. त्याआधीचा विक्रम 46.06 पौंडांचा आणि तो 1978 सालचा. मधल्या 43 वर्षांत माणसाने उपग्रहांच्या मदतीने आपली जागा शोधली, सोनारच्या पडद्यावर पाण्याचं पोट पाहिलं, गोळ्यापाशी तापमापक बांधला, चमच्यांना माकडाची नावं दिली. या सगळ्याची निष्पत्ती 1.8 पौंड, म्हणजे पुरतं एक किलोही नाही. आणि 1978 चा तो मासा सरोवरात लागलेलाच नव्हता. तो ग्रँड नदीत धरला होता. ना सरोवराचा थर, ना पोटातले प्रवाह.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. धंदेवाईक कप्तान रोज मासे आणतात, मग त्यांचं कौशल्य खोटं? मुळीच नाही. पण ते कौशल्य कशाचं आहे ते पाहा. तो रोज सरोवरात असतो, त्यामुळे काल मासा कुठे होता हे त्याला माहीत असतं. काल जिथे होता तिथे आज पहिल्यांदा जातो. नुसतं एवढं सांगितलं तर अर्ध्या दिवसाचे शेकडो डॉलर कोण देईल? म्हणून तो पाहुण्यांना थर, वेग, अंतर आणि रंग ऐकवतो. उलट बाजूचा पुरावा शेजारच्या ह्युरन सरोवराचा आहे. 2003-04 च्या सुमाराला तिथला एलवाइफ कोसळला. खायला नाही म्हटल्यावर चिनूकही गेला, आणि त्याच्या जिवावर चाललेली बंदरं ओस पडली. तंत्र तर जागेवर होतं. तेच रहाट, त्याच दोऱ्या, तेच रंग, अनुभवी हात. मासा तेवढा नव्हता. 1967 मध्ये तंत्र नव्हतं आणि मासा होता. ह्युरनमध्ये तंत्र होतं आणि मासा नव्हता. प्रयोगशाळेत याहून स्वच्छ प्रयोग मांडून दाखवा.

तिसरा आक्षेप सात्त्विक असतो: मासा हे निमित्त, खरा आनंद निसर्गाचा. सूर्योदय, पाणी, शांतता. याला उत्तर द्यायचं जिवावर येतं, पण द्यावं लागेल. बोट पूर्व किनाऱ्यावरून निघून पश्चिमेला जाते, काठ्या तिच्या शेपटीकडे लावलेल्या असतात, म्हणजे सूर्य नेमका काठ्यांच्या मागून वर येतो. त्यावर बोटीवर उमटणारी प्रतिक्रिया एकच: ‘छे, टोकं दिसत नाहीत.’ उरलेला वेळ नजर सोनारच्या पडद्यावर असते. शांततेचं म्हणाल, तर इंजिन सकाळपासून बंद केलेलं नसतं.

चौथा आक्षेप हाडाच्या शास्त्रज्ञाचा. माशाच्या भुकेचा अभ्यास करूनच ही आमिषं बनवली आहेत, त्याला आव्हान कसं देता? तर हंगामाची ऐन कमाई ऑगस्टच्या अखेरीला नदीमुखांपाशी होते, आणि तिथे जमलेले चिनूक अंडी घालायला नदी चढण्याच्या तयारीत असतात. त्यांनी खाणं बंद करत आणलेलं असतं. नदीत अंडी घातल्यावर ते मरणारच असतात. अशा, आयुष्याची आवराआवर सुरू केलेल्या, भूक मेलेल्या प्राण्यापुढून माणूस लिंबू बर्फ, पांढरा पाव आणि माकडाची ओकारी आळीपाळीने फिरवतो. तरी तो मधूनच तोंड घालतो. सवयीने घालतो की चिडून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आमचं मत चिडून.

शेवटी हिशेबाचा प्रश्न, जो शिकागोहून आलेला मराठी पाहुणा मासा बोटीत आल्या आल्या विचारतोच: ‘किलोला कितीला पडला?’ कप्तानाला हा प्रश्न कळत नाही, आणि बोट, रहाट, यंत्रं, डिझेल, परवाना, चमचे धरून कोणी खरंच गुणाकार केला तर घरी सांगण्यासारखा आकडा येत नाही. बरं, निदान खायला तरी भरपूर, असं म्हणावं तर तिथलं आरोग्य खातं आडवं येतं. या सरोवरातल्या मोठ्या, चरबीदार माशांत पीसीबी नावाची जुनी औद्योगिक रसायनं साठलेली असतात. म्हणून कातडी आणि चरबी काढा आणि मोजून-मापून खा, असं सरकारी मार्गदर्शन आहे. मासा जितका मोठा तितकी जपणूक जास्त.

तेव्हा ऑगस्टात तिकडे जाणं झालं तर जरूर एक सकाळ बोट ठरवा. परवाना आधी काढा, माश्यांसाठी जाड मोजे घाला, जाळं धरायला कोणी सांगितलं तर नम्रपणे नकार द्या, आणि डब्यात केळं नेऊ नका. मासा लागला नाही तर कप्तानावर रागावू नका. कारण मात्र नीट ऐकून घ्या, त्याचे पैसे तुम्ही भरलेले आहेत.